आप्पांनी बुजवलेली फट

"तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या डोक्यावर ठिबकतंय!" असं खालच्या मजल्यावरचे वकील भर जिन्यात, चारचौघांसमोर म्हणाले, तेव्हा आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात काढलेला माणूस, आणि त्याच्या घरातून गळती?

"प्लंबरला बोलवा," बायको म्हणाली.

"का? मी काय मेलोय?"

आप्पांनी फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी आणली, ती दाबायच्या बंदुकीत बसवली आणि भिंत-फरशीच्या फटीवर धरून चाप ओढला. काहीच येईना. मग दात-ओठ खाऊन ओढला, तेव्हा जे यायला लागलं ते थांबेचना. फट बुजली, कोपरा बुजला, बादली भिंतीला चिकटली, आणि आप्पांची डावी चप्पल फरशीवर कायमची मुक्कामाला राहिली.

"हे वाळेपर्यंत, उद्या संध्याकाळपर्यंत, इथे थेंब पडता कामा नये!" एक पाय अनवाणी घेऊन बाहेर येत त्यांनी फर्मान काढलं.

"आणि आंघोळी?"

"ज्यानं आळ घेतला त्याच्याकडे!"

सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून आप्पा वकिलांच्या दारात हजर. "तुमच्यापायी आमचं बाथरूम बंद आहे. सरका."

वकील सरकले.

आप्पांनी शॉवर सोडला, साबण लावला आणि सहज वर पाहिलं. छताखालून गेलेल्या गीझरच्या पाइपाच्या सांध्यातून टपटप सुरू होती.

"अहो वकील!" आप्पा आतूनच गरजले. "हा तुमचाच पाइप गळतोय! अब्रू घेतलीत माझी! माफी मागा!"

"आधी पाणी तर बंद करा," दाराबाहेरून वकील म्हणाले.

"आधी माफी!"

वाद रंगला, शॉवर वाहत राहिला. तेवढ्यात घंटा वाजली. तळमजल्यावरच्या काकू लालबुंद होऊन उभ्या होत्या.

"कोण नाहतंय एवढं? माझ्या ओट्यावर धार लागलीय!"

फेसाळलेले आप्पा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. वकिलांनी त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवलं.

"अहो, पण हे माझं घर नाही!" आप्पा कळवळून म्हणाले.

"म्हणून दुसऱ्याच्या घरात असं पाणी ओतायचं? वय काय, वागणं काय!"

आप्पांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. साबण आत गेला.

इतक्यात वरून बायको कपड्यांची पिशवी घेऊन जिना उतरली. "झाली का हो तुमची आंघोळ? मी आलेच. मागून सूनबाई येतेय."