काळोखे अण्णांचा लाल टॅग

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये समोर बसलेला माणूस तुमच्या ताटाकडे न बघता जबड्याकडे बघत असेल, तर ते काळोखे अण्णा समजावेत. चाकणच्या आमच्या कारखान्यात ते माल तपासायला असतात. ओतीव पार्टवर बारकी हातोडी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर लाल टॅग. ही खोड त्यांची गेटाबाहेर पडल्यावरही सुटत नाही.

मी तिथेच स्टोअरला आहे. एकदा माझ्या टेबलावरच्या सुपारीच्या डबीला त्यांनी चक्क लाल टॅग बांधला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दाढेला धोका’. सुपारी, बर्फ, दातानं उघडलेलं बाटलीचं झाकण, सगळ्यांवर त्यांचा सारखाच राग. "दात म्हंजी पाना न्हाई, राव!" मी ते हसण्यावारी नेलं.

आणि माझीच उजवी दाढ दुखायला लागली. दुखणंही विचित्र. चावताना काही नाही, सोडलं की कळ थेट मस्तकात. एक्स-रेत काही दिसेना. दोन महिने डावीकडून खाऊन मी इतका वैतागलो की दाढ काढून टाकायचंच ठरवलं. शनिवारची वेळही घेतली. कंपनीच्या बसमध्ये अण्णांना हे सांगितलं, तर ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"दाबल्यावर दुखतंय का सोडल्यावर?"

"सोडल्यावर."

"चीर हाय. फोटूत दिसंलच असं न्हाई. रिजेक्ट करायची घाई नगं, रिवर्क व्हतंय."

शनिवारी ते न बोलावता दवाखान्यात हजर! डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "ताई, आमी पार्टला रंग लावून चीर बघतो. तुमच्यात हाय का तसलं काई?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसून म्हणाल्या, "आहे की." त्यांनी मला एकेका दाढेखाली काडी धरून चावायला लावलं. मग दुखऱ्या दाढेला निळा रंग लावून पुसला. केसाएवढी निळी रेघ उरली. अण्णा माझ्या तोंडात डोकावून ओरडले, "घावली!"

चीर मुळापर्यंत गेलेली नव्हती. दोन-तीन खेपांत कॅप बसली आणि दाढ वाचली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी पेढे घेऊन मी अण्णांच्या घरी गेलो. एकटेच जेवत होते. मी हात जोडले. "अण्णा, तुमच्यामुळं दाढ राहिली माझी. उपकार झाले."

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "आमची कारभारीण वरीसभर एकाच अंगानं चावत व्हती. मी रोज समोर जेवायला. कंपनीत केसाएवढी चीर धरायचो, अन् घरात दिसलं न्हाई. ती बी बोलली न्हाई. दाढ काढावी लागली. पुढं ती गेली, दुसऱ्याच दुखण्यानं. पर मला तिचं ते चावणंच आठवतंय."

मी पेढ्यांचा पुडा उघडून पुढे केला.

"मऊ पेढ्यानं दाढंचं काय कळतंय?" असं म्हणत त्यांनी आणखी एक ताट घेतलं आणि त्यात भाकरी वाढली. "उजवीकडनं खावा."

सबंध भाकरी मी उजव्या दाढेनं खाल्ली. अण्णा शेवटच्या घासापर्यंत समोर बसून बघत होते.