तेजी-मंदीला पाच तारे

शेखर खैरनार यांनी आजवर कोणालाही पाचापेक्षा कमी तारे दिले नव्हते. नाशिकच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ते 'सहकुटुंब' नावाचं सदर चालवत आणि त्यातून हॉटेलं, रिसॉर्ट, मिसळीची ठिकाणं यांचं परखड परीक्षण करत. परखड म्हणजे किती, तर मिसळीत झुरळ निघालं तेव्हा त्यांनी 'येथील मिसळ निसर्गाच्या अगदी जवळ आहे' असं बेधडक लिहिलं होतं. मालकाने ते वाक्य फ्रेम करून गल्ल्यावर लावलं.

त्यामुळे आग्रा रोडला 'मौजनगरी' नावाचं भव्य थीम पार्क उभं राहिलं आणि त्यातल्या 'तेजी-मंदी' या रोलर कोस्टरचं परीक्षण करायची वेळ आली, तेव्हा संपादकांना दुसरं नाव सुचलंच नाही. शेजारच्या पानावर मौजनगरीची पूर्ण पान जाहिरात होती. साहजिकच परीक्षणाचा मथळा आधीच लावून झाला होता, 'नाशिकच्या शिरपेचात मानाचा तुरा'. पाच तारेही छापखान्याकडे गेले होते. मधला मजकूर मात्र नियमाप्रमाणे प्रत्यक्ष बसूनच लिहायचा होता, कारण दैनिकाची काही तत्त्वं होती.

उद्घाटनाच्या दिवशी शेखरराव बायको प्रतिभा आणि मुलगी आरोही यांना घेऊन निघाले. आरोही चौथीत होती. पोरगी इतकी हडकुळी, की कपडे वाळत घालताना तिलाही चिमटा लावावा असं तिची आजी म्हणायची. नाशिकच्या द्वारका चौकातल्या बेफाम गर्दीतून गाडी सुखरूप बाहेर काढेपर्यंत शेखररावांच्या अंगातली त्या दिवसाची सगळी भीती वापरून झाली होती. आता रोलर कोस्टर आपलं काय वाकडं करणार, असं त्यांना वाटलं. माणसाला वाटतं असं कधी कधी.

मौजनगरीचे मालक रावजीभाऊ फाटकातच उभे होते. भाऊ मूळचे सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. त्यांचं पोट आधी येई आणि मग नमस्कार येई.

"शेखरभाऊ, परदेशात काय करत्यात, भुताखेताची थीम करत्यात," ते म्हणाले. "आता आपला माणूस भुताला घाबरतो का? नाय! आपला माणूस घाबरतो कांद्याच्या भावाला. म्हटलं, तेच करू."

आणि केलं होतं हो, अगदी मन लावून केलं होतं! गाडीचा पहिला डबा हुबेहूब ट्रॅक्टरच्या तोंडाचा, मागचे डबे ट्रॉलीसारखे. गाडी चढाला लागली की भोंग्यातून लिलावाची बोली सुरू व्हायची आणि जसजशी गाडी वर जाई तसतसा भाव चढे. अगदी टोकाला गाडी क्षणभर थांबायची. मग भोंग्यातून एक गंभीर सरकारी आवाज यायचा, "निर्यातबंदी," आणि गाडी सरळ खाली कोसळायची. पुढे गाडी उलटी करणारा एक फेरा होता, त्याला 'अनुदान' असं नाव होतं. शेवटच्या बोगद्यात कांद्याच्या अर्काचा फवारा मारत, त्यामुळे प्रत्येक प्रवासी डोळे पुसतच बाहेर पडे. माहितीपत्रकात याला 'भावनिक अनुभव' म्हटलं होतं. शेखररावांना थीम मनापासून आवडली. खोटं कशाला बोला?

उद्घाटनाच्या आधी खास पाहुण्यांसाठी एक फेरी होती. आपापल्या डब्यात मंडळी बसली. एक आजी आणि दोन माजी नगरसेवक, तपासणी समितीचे साहेब, बांधकामाचे ठेकेदार. प्रत्येकाने डोक्यावरचा लोखंडी दांडा खाली ओढून पोटाशी आणला आणि टक्क, टक्क, टक्क असा आवाज होत गेला. शेखररावांनी आपला दांडा खाली ओढला. तो आला, त्यांच्या पोटाच्या वीतभर अलीकडे येऊन थांबला आणि झोपाळ्यासारखा झुलत राहिला. टक्क काही झालं नाही.

त्यांच्या शेजारी झुंबर नावाचा एक म्हातारा बसला होता. भाऊंनी त्याला थीमची शोभा वाढवायला सटाण्याकडून आणलं होतं. फाटकाशी पागोटं घालून उभं राहायचं आणि लोकांबरोबर फोटो काढायचे, असं त्याचं काम. झुंबरबाबांचं पोट पाठीला लागलेलं. त्यांनी दांडा हलवून पाहिला आणि हाक मारली, "भाऊ, दांडा ढिला शे!"

अमोल धावत आला. हा मौजनगरीचा मुख्य अभियंता, अंबडच्या कारखानदारीत उमेदवारी केलेला, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर प्रचंड आत्मविश्वास. त्याने वाकून आधी दांडा पाहिला, मग शेखररावांकडे पाहिलं.

"सर, दांडा बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्ही कमी पडताय."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही रीतसर चाचणी घेतलीय ना. बाहेर वाळूची पोती वापरतात. भाऊ म्हणाले, आपल्याकडं कांदा असताना वाळू कशाला? थीमलाही धरून होईल. प्रत्येक सीटवर कांद्याची गच्च भरलेली गोणी बसवली. सगळ्या दांड्यांची मापं त्या गोणीवरून काढली. महिनाभर गाडी फिरवली सर, गोणी सोडा, एक कांदा खाली पडला नाही!"

"अहो, पण माणसं बसवून पाहिलीत का?"

"बसवली की! भाऊ बसले, ठेकेदार बसले, समितीचे साहेब बसले. सगळ्यांना टक्क लागला."

शेखररावांनी पुढच्या डब्यांवरून नजर फिरवली. साहेब, ठेकेदार, नगरसेवक. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक भरगच्च गोणी शर्ट घालून बसली होती. या गाडीला पास करू शकेल असा एकही सपाट पोटाचा अधिकारी जिल्ह्यात मिळणं कठीणच होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"साहेब," त्यांनी समितीच्या साहेबांना हाक मारली, "बारीक माणसांचं काय?"

साहेबांना मागे वळणं अवघड होतं. ते समोर बघूनच म्हणाले, "त्याचा विचार झालेला आहे. अहवालात तसा शेरा आहे. यंत्रणा समाधानकारक. प्रवाशांनी प्रकृती सुधारावी."

एवढ्यात रावजीभाऊ स्वतः आले. काय झालं ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे अमोल, पाहुण्यांचा सत्कार राहिला ना! माणूस रिकाम्या मांडीनं बसवतात का?" आणि त्यांनी शेखररावांच्या मांडीवर एक शाल ठेवली, शालीवर श्रीफळ ठेवलं आणि वरून दांडा दाबला. टक्क.

"बघा," भाऊ म्हणाले, "मानपान झाला की सगळं जागेवर बसतं."

झुंबरबाबांचाही सत्कार झाला. त्यांच्या बाबतीत दोन नारळ लागले. तिथल्या तिथे धोरण ठरलं, की यापुढे प्रत्येक सडपातळ प्रवाशाचा बसण्यापूर्वी यथोचित सत्कार करण्यात यावा. अमोलने ते फोनमध्ये टिपून घेतलं. झुंबरबाबा शालीवरून हात फिरवत म्हणाले, "उभा जन्म शाल भेटली नाही. आता भेटली ती बी मरू नये म्हणून."

गाडी निघाली. बोली चढू लागली, खालची माणसं लहान झाली, दूरवर द्राक्षबागा दिसायला लागल्या. टोकाला गाडी थांबली. "निर्यातबंदी," भोंगा म्हणाला, आणि गाडी कोसळली. कोसळताना ठीक होतं. पण 'अनुदाना'च्या फेऱ्यात गाडी उलटी झाली आणि श्रीफळ शालीवरून सटकलं, निघालं ते निघालंच. दांडा वीतभर सैल झाला. शेखरराव सीटवरून उचलले गेले. आपण आता मरणार, हे त्यांना इतकं स्वच्छ कळलं, की त्या वेळी त्यांना ना मथळा आठवला ना तारे. त्यांनी दोन्ही हातांनी झुंबरबाबांच्या दंडाला मिठी मारली आणि "आई गंऽऽ" म्हणून बोंब ठोकली. ती पुढच्या डब्यातल्या साहेबांना फार आवडली. 'लोकसहभाग उत्तम' असं ते नंतर म्हणाले.

फेरी संपली. सगळेच डोळे पुसत उतरत असल्यामुळे शेखररावांचं रडणं वेगळं ओळखू आलं नाही.

"कसं काय?" भाऊंनी विचारलं.

शेखररावांनी तोंड उघडलं. दांडा लागत नाही, माणूस जाईल, बंद करा, एवढी तीन वाक्यं त्यांच्या जिभेवर अगदी तयार होती. समोर भाऊ होते, भाऊंच्या मागे दैनिकाचे जाहिरात व्यवस्थापक पेढा खात उभे होते.

"थरार," शेखरराव म्हणाले. "अस्सल आहे."

"श्रीफळ द्या बरं परत. पुढच्या गाडीला लागंल."

"ते... वर राहिलं."

"फुटलं का?" अमोलने उत्सुकतेने विचारलं. मग म्हणाला, "उत्तम! म्हणजे नारळ वाढवायचाही कार्यक्रम झाला."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली. उद्घाटनाची गाडी बालगोपाळांची असेल आणि पहिल्या डब्यात पहिल्या सीटचा मान ज्येष्ठ परीक्षक शेखर खैरनार यांची कन्या कुमारी आरोही हिला देण्यात येत आहे. शेखररावांनी मान वळवून पाहिलं. आरोही ट्रॅक्टरच्या तोंडाशी बसली होती आणि दोन्ही हात हलवून "बाबा!" म्हणत होती. तिच्यासमोर दांडा झुलत होता. दांडा आणि तिच्यामध्ये अजून एक आरोही बसली असती.

"अमोल! शाल! नारळ!"

"सर, लहान मुलांना सत्कार नाही. भाऊंनी आताच सांगितलं. चौथीच्या पोरांनी असं काय केलंय शाल द्यायला? पुढे सवय लागते."

शेखरराव पळाले. आयुष्यात कधी पळाले नव्हते इतके पळाले, दोरी ओलांडली, एका नगरसेवकाच्या पायावर पाय दिला आणि आरोहीला दंडाला धरून बाहेर ओढलं. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. ध्वनिक्षेपक थांबला. सगळी मौजनगरी त्यांच्याकडे बघत होती. भाऊ बघत होते, जाहिरात व्यवस्थापक पेढा हातात धरून बघत होते. बोलायचं असेल तर ही वेळ होती.

"हिला चक्कर येते," शेखरराव म्हणाले.

"मला नाही येत चक्कर!"

"येते! गप्प बस."

जागा रिकामी राहते की काय, अशी चिंता कोणालाही पडली नाही. "माझी बसेल हो, माझी बसेल!" म्हणत एका बाईने आपली पिवळ्या फ्रॉकातली मुलगी गर्दीच्या डोक्यांवरून पुढे सरकवली. तीही आरोहीएवढीच, तशीच काडी. शेखररावांनी तिच्या दांड्याकडे पाहिलं नाही. गाडी वर जात असताना ते बुटांची लेस बांधत राहिले. बूट बिनलेसचे होते.

सगळी मुलं परत आली, हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच जीव मुठीत धरून बसाल. पिवळ्या फ्रॉकातली मुलगी दांड्याला गच्च चिकटली होती, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पांढरीफटक पडली होती. तिची आई कौतुकाने म्हणाली, "इतकी मजा आली, की बोलवतसुद्धा नाहीये बघा."

परत येताना आरोही मागच्या सीटवर हुंदके देत झोपली. ती झोपल्याची खात्री करून प्रतिभाने विचारलं,

"अहो, चक्कर कुणाला येते?"

शेखररावांनी खरं काय ते सांगितलं.

"मग तिथं का नाही बोललात?"

"कार्यक्रम चालू होता गं. चारचौघांत बरं दिसतं का?"

"आणि ती पिवळ्या फ्रॉकची?"

"तिला बाप असेल ना? त्याने बघावं. मी किती पोरींचा बाप होऊ?"

"त्याला कसं कळणार?"

"पेपर वाचत नाही का तो?"

प्रतिभाने त्यांच्याकडे पाहिलं. "आणि पेपरात काय लिहिणार आहात?"

पुढचा रस्ता खराब होता, त्यामुळे शेखररावांना गाडी चालवण्याकडे लक्ष द्यावं लागलं.

संध्याकाळी कचेरीत त्यांनी लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'दांडा लागत नाही.' वाचून त्यांनाच ते उद्धट वाटलं. मग त्यांनी ते 'दांडा पोटाला काचत नाही' असं केलं. त्यानंतर लेखणी आपोआप चालू लागली. 'बंधनांचा जाच टाळून प्रवाशाला मोकळेपणाचा अनुभव देणारी रचना. स्वागताची आपुलकी अशी, की शेवटपर्यंत जीव अडकून राहतो. लहान मुलं तर अक्षरशः उतरायला तयार नसतात. सहकुटुंब अवश्य जा.' पण शेखरराव अगदीच दगड नव्हते. मन खात होतं, म्हणून त्यांनी शेवटी धाडस करून एक ओळ घातली, 'सडपातळ वाचकांनी जेवून जावे.' जाहिरातीची चौकट मोठी झाल्याने ती ओळ पानावर बसली नाही.

रविवारी तुम्ही ते वाचलंत. छापून आलंय म्हणजे असणारच, असं म्हणालात आणि पोरांना घेऊन निघालात. रांग लावलीत, बसलात, दांडा ओढलात. टक्क झालं नाही. तुम्ही शेजाऱ्याकडे पाहिलंत, त्याचाही लागला नव्हता, तोही तुमच्याकडेच पाहत होता. दोघंही कसनुसं हसलात, कारण पहिल्यांदा ओरडणारा माणूस गावठी दिसतो. मग एका हाताने पोराला, एका हाताने देवाला धरून तुम्ही ती फेरी पुरी केलीत.

खाली उतरलात. रांगेतल्या एका बाईने तुम्हाला थांबवलं. तिचा हात धरून एक बारकी पोरगी उभी होती.

"कसं आहे हो?" तिने विचारलं. "मुलांना चालेल ना?"

तुम्ही पोरगीकडे पाहिलंत. पण इतक्या लांब येऊन, इतकी रांग लावून आपण फसलो, हे परक्या बाईला कसं सांगायचं?

"मस्त आहे," तुम्ही म्हणालात. "पुढे बसवा तिला, पुढून जास्त मजा येते."