पाणी ऐकणारे मास्तर

दिगंबर मास्तर पाणी चाखत नसत, ऐकत. पेठेतल्या कुठल्याही विहिरीचं पाणी ते काचेच्या नळीत ओतत, टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावत आणि डोळे मिटून बसत. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटे, मास्तर विहिरीशी बोलतायत.

ते हायस्कुलात शास्त्र शिकवत; मी त्यांचा शेजारी. एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं. निव्वळ पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. मीठ विरघळलं की त्याचे भारित कण सुटे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. क्षार जितके जास्त, तितका विजेला अडथळा कमी. तो मोजायला फळीवर ताणलेली एक तार होती. तिच्यावरून धातूचं टोक सरकवायचं. रिसीव्हरमधली गुणगुण जिथं थांबेल, तिथला आकडा वाचायचा. बॅटरीची वीज सरळ सोडली तर पाण्यातल्या पट्ट्यांवर बुडबुडे धरतात आणि उत्तर खोटं येतं. म्हणून ती तांब्याच्या तारेच्या एका भुणभुणणाऱ्या वेटोळ्यातून उलटसुलट करून सोडत. वेटोळ्याचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून मास्तर त्याला चादरीत गुंडाळत.

"ती पाहुण्यांची चादर आहे," काकू आतून म्हणत.

"पाहुणे येतात कुठं?"

माणसंही ते याच हिशेबानं ओळखत. हेडमास्तरांबद्दल म्हणाले होते, "डिस्टिल्ड माणूस. निर्मळ आहे, पण आतून काही जात नाही. चिमूटभर मीठ पाहिजे की."

पेठेतले रंगारी मात्र मास्तरांना मानत. खाऱ्या पाण्यात रंग सारखा धरत नाही, म्हणून मास्तर ज्या विहिरीचं नाव घेतील तिचंच पाणी ते भरत. एका उन्हाळ्यात मल्लय्या रंगाऱ्यानं लाल सुताची लड आणून ओट्यावर टाकली. सगळी डागाळलेली.

"मास्तर, तुमी गोड म्हणला तेच पाणी हाय. आता मालकाला काय दाखवू?"

मास्तरांनी तेच पाणी पुन्हा लावलं. "इथं गप्प," ते म्हणाले. टोक सरकवलं. "इथंही गप्प." पूर्वी ती शांतता सुईच्या टोकाएवढी असे; आता वीतभर झाली होती. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. त्या वीतभरात मला गुणगुण स्वच्छ ऐकू येत होती. मी तसं सांगितलं.

"मल्लय्या, माझा कान गेला," मास्तर म्हणाले. "यापुढं माझ्या शब्दावर पाणी भरू नका." आणि चादर सोडून ते तिची घडी घालू लागले.

काकू बाहेर आल्या. त्यांनी चादर काढून घेतली, वेटोळ्याला पुन्हा गुंडाळली आणि रिसीव्हर कानाला लावून बसल्या.

"सरकवा."

"तुला त्यातलं काय कळणार?"

"आवाज थांबलेला कळतो. वर्षभर प्रत्येक गोष्ट तुम्हाला दोनदा सांगतेय, ती काय हौस म्हणून?"

मास्तर टोक सरकवू लागले. या वेळी डोळे मिटलेले नव्हते. ते काकूंच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"अजून आहे," काकू म्हणाल्या. "अजून. थांबला."

मल्लय्यानं वाकून आकडा पाहिला. त्याला तो वाचता येत नव्हता, पण मान हलवून तो म्हणाला, "मग आता कुटल्या हिरीचं भरू?"

रंगारी पुन्हा पाणी आणू लागले. कुणी आणत नसे, त्या दिवशीही संध्याकाळी चादरीतली भुणभुण माझ्या ओसरीवर ऐकू येई. एकदा डोकावून विचारलं, "आज कुणाची विहीर?"

"आमचीच."

"तिचा आकडा तर तुम्हाला पाठ असेल."

"पाठ आहे," मास्तर म्हणाले, आणि टोक तारेच्या अगदी लांबच्या कडेला नेऊन तिथून सावकाश सरकवू लागले.

"अजून आहे," काकू म्हणाल्या.