नानासाहेबांचा एक मित्र

नानासाहेबांनी मोबाइलवर एका बोटाने मजकूर लिहिला, ‘माझ्या एका मित्राला हल्ली विसरायला होते. वय सदुसष्ट. घरगुती उपाय सुचवावा.’ पाठवण्याआधी त्यांनी ‘मित्राला’ हा शब्द नीट उमटला आहे ना, हे पुन्हा पाहून घेतलं.

‘आपले लासूरकर’ या गटावर स्वतःचं दुखणं स्वतःच्या नावावर विचारायची पद्धत नव्हती. लासूर स्टेशन सोडून शहरात घरं बांधलेली ही सगळी मंडळी. सकाळी सुविचार टाकायचे आणि चहा झाला की दुखणी विचारायची, असा त्यांचा शिरस्ता. पण मूळव्याध व्हायची ती नेहमी ऑफिसातल्या एका मित्राला, आणि केस गळायचे ते बायकोच्या मैत्रिणीचे. विचारणारा स्वतः कायम ठणठणीत. उत्तरं देणाऱ्यांनाही हे कळत असे, पण तेही त्या मित्राची मनापासून काळजी करत.

खरी गोष्ट अशी होती की नानासाहेब दळण आणायला म्हणून गेले आणि शहरातल्या गारखेड्यात, जिथे त्यांची निम्मी हयात गेली त्या गारखेड्यात, एका चौकात त्यांना घर कुठल्या बाजूला ते आठवेना. स्कूटरच्या पुढ्यात पिठाचा डबा घेऊन ते उभे राहिले. शेवटी शेजारचे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन जाताना दिसले, त्यांच्या मागे मागे ते घरी पोचले. वाळूजच्या कंपनीत ज्या माणसाला प्रत्येक मशीनचा आवाज ओळखू यायचा, त्याने ही गोष्ट बायकोला कोणत्या तोंडाने सांगायची? ती त्यांनी आशाबाईंना सांगितली नाही. गटाला सांगितली.

गट धावून आला. बदाम भिजवून, ब्राह्मी दुधातून, नाकात साजूक तूप, डाव्या हाताने जेवण. कुणीतरी गच्चीवर उलटं चालायला सांगितलं. नानासाहेब कृतज्ञतेने वाचत होते, तेवढ्यात गोजरबाईंचा प्रश्न आला. गोजरबाई म्हणजे गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आणि सर्वांत मोकळ्या. त्यांनी लिहिलं, ‘कोण मित्र? रामकिसन का?’

प्रश्न रास्त होता. नानासाहेबांना मित्र एकच, आणि तो गटावर नाही, हे अख्ख्या गटाला माहीत होतं. काय लिहावं ते न सुचून त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं. या चित्राचा अर्थ ज्याला जो हवा तो घेता येतो. गटाने ‘होय’ असा घेतला.

संध्याकाळपर्यंत रामकिसनच्या घरी बदामाची तीन पाकिटं आणि एक तुपाची बरणी येऊन पडली. माणसंही आली. येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढताच विचारी, “मला ओळखलं का?” त्यातला एक जण गोजरबाईंच्या नातीचा नवरा होता. रामकिसनने त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

“नाय बुवा,” रामकिसन प्रामाणिकपणे म्हणाला.

आलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी चुकचुकलं. मग आलेल्यांतल्या दोन भावांच्या नावांत त्याची गल्लत झाली, जशी कुणाचीही होते, आणि पुराव्याला आणखी काही लागलं नाही.

“अरे, पण मला झालंय काय?” रामकिसन म्हणाला.

“असंच असतं. ज्याला होतं त्याला कळत नाय,” गोजरबाईंनी मालनबाईंना समजावलं. मालनबाई रामकिसनची बायको. ती बिचारी रात्रंदिवस या माणसाबरोबर राहत होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं, याची तिला लाज वाटली. तिने डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर रामकिसनचं जे झालं ते फार वेगाने झालं. मुलगा सत्यम वाळूजहून ड्यूटी संपवून आला आणि त्याने बापाच्या गाडीची चावी काढून घेतली. शर्टाच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड घातलं. गॅसपाशी जायचं नाही, गेटबाहेर एकट्याने पडायचं नाही. भेटायला येणारे आता त्याच्याशी बोलेनासे झाले, त्याच्याविषयी बोलू लागले. तो समोर बसलेला असताना मालनबाईंना विचारायचे, “जेवले का ते? झोप लागते का त्यांना?” कंपनीतल्या संपाची गोष्ट त्याने रंगात येऊन सांगितली, तर ऐकणारे हळूच म्हणाले, “जुनं बरोबर आठवतं बरं का अजून.”

नानासाहेब रोज जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत आणि हे सगळं पाहत. रामकिसनच्या जागी आपणच बसलो आहोत असं त्यांना दिसायचं, खिशात कार्ड घालून, गुळगुळीत दाढी करून, सगळ्यांच्या मध्ये एकटेच. आपण मित्रावर केवढा अन्याय केला याचं दुःख त्यांना होतंच. पण आपण त्या जागी नाही म्हणून बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची त्यांना जास्त शरम यायची.

घरी आशाबाई म्हणाल्या, “बरं झालं बाई तुम्ही टायमावर सांगितलं. घरच्या माणसांचं ध्यानच नव्हतं. जिवाचा दोस्त म्हणून तुम्हाला दिसलं.”

नानासाहेब हातातला घास ठेवून पानावरून उठले आणि चालत रामकिसनकडे गेले. गल्ली एक सोडून पलीकडे तर घर.

रामकिसन ओसरीत एकटाच बसून बदाम सोलत होता. मालनबाई आत चहा टाकत होती.

“रामकिसन,” नानासाहेब खुर्चीत बसत म्हणाले, “ते इसरणं तुझं नाय. माझं हाय. मी तुझं नाव नव्हतं घेतलं रे. पण नाय म्हणून बी सांगितलं नाय.” एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडायला लागले. “मला घर सापडंना गेलं होतं, दोस्ता. मला लई भ्या वाटतं.”

चहाचे कप घेऊन आलेली मालनबाई दारातच थांबली. “अहो भाऊजी, पण हे तर तुम्ही काल...”

“मालन, साखर कमी हाय चहात,” रामकिसन म्हणाला. कप अजून तिच्याच हातात होते.

मालनबाईने कप खाली ठेवले. नानासाहेब काल याच वेळेला, याच खुर्चीत बसून हेच बोलले होते. परवाही बोलले होते. तेव्हाही असेच रडले होते, आणि आता घरी जाऊन आशाला सांगतो, गटावर लिहितो, असं शपथेवर सांगून उठले होते.

रामकिसनने खुर्ची जवळ ओढली. “कवापासून व्हायलंय असं?” त्याने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं विचारलं.

नानासाहेबांनी दळणापासून सगळं सांगितलं. रामकिसनने सगळं ऐकलं. जिथे काल ‘अरे देवा’ म्हणाला होता तिथे आजही म्हणाला.

“तुला माझा राग नाय आला?”

“आला ना. पयल्या दिवशी लई आला. त्या पोरानं मला ओळखलं का म्हणून इचारलं तवा.” रामकिसन हसला. “आता ऐक. सोमवारी सत्यम मला मेंदूच्या डॉक्टरकडं नेणार हाय. तू अन् आशावहिनी बी चला. नंबर माझ्या नावावर हाय, आत तू जाऊन बस.”

“सगळ्यांना कळंल मग.”

“कळंल तवा कळंल. तवर माझ्या नावावर राहू दे. मला आता सवय झाली,” रामकिसन म्हणाला. “वहिनीला मी सांगतो. आजच सांगतो. तू नको सांगू.”

नानासाहेबांनी डोळे पुसले. मनावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं, कालच्यासारखंच. चहा संपवून ते उठले, तसा रामकिसनही चपला घालायला लागला.

तेवढ्यात सत्यम आला. पुढे होऊन गेटपाशी पोचलेल्या बापाला पाहून तो धास्तावला. “बाबा, एकटे कुठं निघाले?”

“नाना हाय ना संगं. त्याला घरापर्यंत सोडून येतो.”

“मग हरकत नाय.” सत्यमला हायसं वाटलं. “काका, गाड्या फार असतात. बाबांचा हात धरून ठेवा.”

नानासाहेबांनी जबाबदारीने रामकिसनचा हात धरला आणि ते गेटबाहेर पडून उजवीकडे वळले. त्यांचं घर डावीकडे होतं. रामकिसनही त्यांच्याबरोबर उजवीकडे चालत राहिला आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “चल, या गल्लीतून फिरून जाऊ. सावली हाय.”

सत्यम ते दोघे वळेपर्यंत गेटशी उभा होता. “काका आहेत म्हणून बरंय, आई,” तो म्हणाला, “नाहीतर बाबांना एकट्याला कसं सोडलं असतं?”

मालनबाईने कप उचलले आणि ती आत गेली.