गुबगुबीत माफीपत्र

मुलीची माफी मागायला कुठलाही बाप आठ मसुदे करत नाही. जावकबाबूंनी केले. चौतीस वर्षं कचेरीच्या जावक टेबलावर बसून त्यांनी बाहेर जाणारं प्रत्येक पत्र तपासलं होतं, त्यावरून हे नाव पडलेलं. निवृत्त झाले तरी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घातल्याशिवाय त्यांच्या हातून दूधवाल्यालाही चिठ्ठी जात नसे.

या सवयीनेच घात केला होता. दोन वर्षांपूर्वी मुलीने बँकेतली नोकरी सोडून दुसऱ्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं आणि उद्घाटनाला दोघांना बोलावलं. आई गेली. बाबांनी उत्तर धाडलं, ‘सदर निर्णयास मान्यता देता येत नाही. सबब उपस्थित राहता येणार नाही.’ तेव्हापासून लेक आईशी रोज फोनवर बोलायची, बाबांशी एक अक्षर नाही. घर खायला उठायचं. फोन करायचा तर फोनचा मसुदा करता येत नाही, म्हणून बाबूंनी पत्राचा घाट घातला.

मसुदा पक्का झाला त्याच सकाळी डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी थेंब घातले आणि दोन-तीन तास काही वाचू नका म्हणून बजावलं. पण बाबूंना धीर कुठला? येता येता ते छपाईच्या दुकानात शिरले. तिथली टायपिंगवाली एका पाळणाघराचा फलक जुळवत होती. तो बाजूला सारून तिने मसुदा टाइप केला.

“काका, अक्षर कुठलं ठेवू? हे दिसतंय?”

“मुंग्या दिसतायत.”

“आणि हे?”

“ह्या जरा मोठ्या मुंग्या.”

शेवटी तिने पाळणाघराचं अक्षर लावून दाखवलं. बाबूंचा चेहरा उजळला. “हां, हे ठेवा. कसं स्वच्छ दिसतंय.”

“पण काका, हे जरा...”

“बाई, चौतीस वर्षं पत्रं तपासलीयत मी.”

बाईने छपाईचं बटण दाबलं. दोन प्रती निघाल्या. एक पाकिटात घालून बाबूंनी टपालपेटीत टाकली आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची स्थळप्रत म्हणून घरी आणली.

दुपारी डोळे निवळले, स्थळप्रत फाइलला लावायला घेतली आणि बाबूंना पत्राचं खरं रूप दिसलं. एकेक अक्षर जाडजूड, गुबगुबीत. ‘क’ची दोन्ही पोटं सुटलेली, वेलांट्या लोळत पडलेल्या, अनुस्वार चेंडूएवढे. ‘मी चुकलो’ हे दोन शब्द तर हातात हात घालून नाचत होते.

बायकोने कागद पाहिला आणि पदर तोंडाला लावला. “माफी मागताय की तिला घसरगुंडीवर बोलावताय?”

“तिला वाटेल मी थट्टा केली. आता ती जन्मात बोलायची नाही.” बाबू म्हणाले, तशी बायको हसायची थांबली.

ते तडक पोस्टात गेले. तिथला कारकून म्हणाला, “टाकलेलं पत्र परत हवं तर अर्ज करावा लागेल, काका.” अर्ज म्हणजे बाबूंच्या हातचा मळ. त्यांनी समास सोडून, तीन प्रतींत, सुवाच्य अर्ज लिहिला. त्याला पाऊण तास लागला आणि तेवढ्यात टपालाची गाडी निघून गेली.

मग त्यांनी शुद्धिपत्रक काढायला घेतलं. ‘सोबतच्या पत्रातील अक्षरे सडपातळ समजावीत.’ ‘सोबतच्या’ चालेना, कारण पत्र सोबत नव्हतं. ‘उपरोक्त’ही चालेना, कारण वर काहीच नव्हतं. दोन दिवस खाडाखोड चालली. बायको म्हणाली, “अहो, फोन लावा ना सरळ.” त्यांनी ऐकलं नाही. तिनेही मग नाद सोडला.

तिसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली. दारात लेक उभी. केस विस्कटलेले, हाताला सायकलचं ग्रीस तसंच.

“बाबा, मी कोण?”

“माझी मुलगी.”

“आज वार कोणता?”

“बुधवार.”

“दोन्ही हात वर करा बघू. सारखे वर जातायत का?”

ही आपल्याला झालेली शिक्षा, असं समजून बाबूंनी निमूट हात वर केले. “पत्र मिळालं तुला?”

“मिळालं. उघडलं आणि काळजात धस्स झालं. तुमच्याकडून असली अक्षरं? म्हटलं, बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. आईला फोन केला तर ती म्हणे, मी काय सांगू, तूच येऊन बघ.”

बाबूंनी बायकोकडे पाहिलं. तिला एकाएकी चहाचं आधण ठेवायचं आठवलं.

“पण... काय लिहिलंय ते वाचलंस ना?”

“वाचतेय कुठली? तशीच बस धरली. पत्र दुकानातच राहिलं. काय होतं त्यात?”

आठ मसुदे तोंडपाठ होते, पण त्यातलं एक वाक्य जिभेवर येईना. “विषय...” बाबू म्हणाले आणि थांबले. लेक वाट बघत होती. दोन वर्षांत ती बारीक झाली होती आणि कपाळावर एक नवीन आठी आली होती.

“तुझ्या दुकानाला मी यायला हवं होतं गं,” ते म्हणाले. “आई गेली, मी नाही आलो. चुकलं माझं.”

ग्रीसच्या हातानेच लेकीने डोळे पुसले.

“बाबा,” ती म्हणाली, “हात खाली घ्या आता.”