मुंगसाच्या पानावरचं कौतुक

ही गोष्ट मी आमच्या बचतगटाच्या बैठकीत सांगितली, तर एकीचाही विश्वास बसला नाही. "जंगलात कुठं असलं चालतं का?" म्हणून हसल्या, आणि हसता हसता मोबाईल काढून परत कुणाकुणाच्या ओळखी जोडत बसल्या. मोठ्यांना सांगून उपयोग नाही हे मला तेव्हाच कळलं. म्हणून तुम्हाला सांगते, पोरांनो. मांडी घालून बसा. मध्ये चुळबुळ करायची नाही.

एका जंगलात सगळे एकमेकांना चांगले ओळखत होते. कोण कुठं राहतं, काय खातं, कुणाला खातं, हे शेंबड्या पिल्लालाही ठाऊक होतं. पण एका वानराला वाटलं, असल्या फुकटच्या ओळखीत काही राम नाही. त्यानं जंगलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वेल ताणली. तिला नाव दिलं ओळखवेल. प्रत्येकानं वेलीवर आपलं पान टांगायचं. पानावर आपण कोण ते लिहायचं. मग दुसऱ्याच्या पानाला आपल्या पानाचा देठ बांधायचा. झाली ओळख! ओळखी वाढल्या की धंदा वाढतो, असं वानर म्हणालं. वानराचा स्वतःचा धंदा काय, ते कुणी विचारलं नाही.

झाली की हो सगळ्यांची धावपळ! गाढवानं लिहिलं, 'वाहतूक सल्लागार'. सरड्यानं लिहिलं, 'कुठल्याही परिस्थितीशी जुळवून घेतो'. अजगरानं लिहिलं, 'सध्या एका मोठ्या कामात गुंतलो आहे'. मेला भेकर गिळून पडला होता नुसता.

आता या जंगलातली एक रीत सांगते. शेजारणीनं द्रोणातून काही खायला दिलं, तर तिचा द्रोण रिकामा परत करायचा नाही. दोन दाणे तरी घालून द्यायचे. रीत चांगली आहे. माझ्या आईनं मलाही तीच लावली. पण या शहाण्यांनी ती उचलून वेलीवर नेली. कुणी तुमच्या पानावर कौतुक लिहिलं, की तुम्हीही त्याच्या पानावर कौतुक लिहायचं. नाही लिहिलं, तर तुम्ही कृतघ्न. मग काय, उंदरानं मांजराचं लिहिलं, मांजरानं उंदराचं लिहिलं. दोघांची पानं भरली.

त्या जंगलात कोंडाबाई नावाची रानकोंबडी राहायची. पाचोळा उकरून वाळवी काढायची आणि पाखरांना पुरवायची. बाई मेहनती होती, नाही कशाला म्हणू? तिचा नवरा तुरेराव. तो रोज पहाटे वेलीवर लिहायचा, 'मी लवकर उठतो, म्हणून सूर्य उगवतो. आज तुम्ही कोणासाठी उठलात?' त्याखाली सगळे 'वा सर, वा!' लिहायचे. घरातली एक काडी तो इकडची तिकडे करत नव्हता.

कोंडाबाईची आधीची अंडी पावसात वाहून गेली होती. त्याच्या आधीची सडली होती. यंदा पहिल्यांदाच अंडी नीट टिकली होती. आज-उद्या पिल्लं बाहेर येणार होती. घरट्याला कान लावला की आतून चोची मारल्याचा आवाज यायचा. ते ऐकून कोंडाबाईला रडू फुटायचं.

नेमका त्याच दिवसांत ओढ्यापलीकडं मोरानं धंदेवाल्यांचा मेळावा ठेवला.

"जायलाच पाहिजे," तुरेराव म्हणाला. "तिथं मोठमोठे येणार. तुझी वाळवी ओढ्यापलीकडं जाईल."

"आणि अंडी? तुम्ही बसता का?"

"मी? माझं तिथं भाषण आहे. वेलीवर बघ ना, कुणीतरी मिळेल."

कोंडाबाई वेलीवर गेली. शोधता शोधता एका पानापाशी थांबली. पान झिपरू मुंगसाचं होतं. 'अंड्यांच्या क्षेत्रात पिढीजात अनुभव. आजवर अंड्यांकडून एकही तक्रार नाही.' खाली कौतुकाचा ढीग.

"अगं ए कोंडे!" वरून आवाज आला. ती शेवंता टिटवी होती. माळावरच्या झाडावर राहायची. आवाज असा की आभाळ फाटावं. "त्याचं पान काय वाचतेस? तो अंडी खातो! माझी खाल्ली, डोळ्यांदेखत खाल्ली!"

"हळू बोल, शेवंताताई. लोक बघतात."

"बघू देत ना! त्यासाठीच ओरडते."

"तुझं पान कुठलं यातलं?" कोंडाबाईनं विचारलं.

"माझं नाही पान."

"मग तुझ्या ओळखी किती?"

"अगं बये, मी ओरडले की अख्खं जंगल म्हणतं, ही शेवंता. आणखी कसली ओळख लागते?"

तेवढ्यात तुरेराव आला. छाती काढून म्हणाला, "ताई, तुमचं दुःख मला समजतं. पण इतकं वाईटच बोलत राहिलात तर प्रगती होणार नाही. आधी एक पान टांगा. मग बोला."

"तुझ्या पानाला आग लाव, मेल्या!" शेवंता म्हणाली आणि उडून गेली.

कोंडाबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आई होती ना शेवटी. तिनं झिपरूच्या पानावरचं एकेक कौतुक वाचायला घेतलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'झिपरूभाऊंना अंड्यांविषयी मनापासून आस्था आहे. त्यांच्या हाती अंडी सोपवावीत आणि निर्धास्त व्हावं.' खाली नाव होतं, कोंडाबाई रानकोंबडी.

तिला आठवलं. मागं झिपरूनं तिच्या पानावर लिहिलं होतं, 'कोंडाबाई म्हणजे दूरदृष्टीचं नेतृत्व.' तेवढं छान आजवर तिच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. नवराही नाही. मग द्रोण रिकामा कसा द्यायचा? म्हणून तिनंही लिहून टाकलं होतं.

"हे तर मीच लिहिलंय," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे खरंच असणार. मी काही खोटं लिहिणारी बाई नाही."

असं म्हणाली हो ती! पोरांनो, इथं हसलात तर कान उपटीन.

झिपरूला बोलावलं. तो आला, वाकून नमस्कार केला, अंडी निरखून पाहिली. "ताजी आहेत," म्हणाला. "तुम्ही निवांत जा, वहिनी."

मेळाव्यात सगळे विकायला आले होते, घ्यायला कुणीच नव्हतं. गाढव अजगराला सल्ला विकत होतं, अजगर गाढवाकडं वेगळ्याच नजरेनं बघत होता. तुरेरावानं सूर्यावर भाषण केलं, टाळ्या मिळवल्या. कोंडाबाईच्या पानाला कितीतरी देठ बांधले गेले. वाळवी मात्र एकानंही मागितली नाही.

ती परत आली तेव्हा घरट्यात टरफलं होती. नीट एकात एक घालून रचलेली. झिपरू मिशा चाटत होता.

"वहिनी, काम पूर्ण झालं," तो म्हणाला. "सवडीनं पानावर चार शब्द लिहा."

कोंडाबाई टरफलांवर आडवी पडली. 

दुसऱ्या दिवशी वेलीखाली पंचायत भरली. पंच होतं अस्वल. कोंडाबाई म्हणाली, "यानं माझी पिल्लं खाल्ली. याचं पान तोडा."

"तोडू," अस्वल म्हणालं. "पण त्याच्या पानावर तू लिहिलेलं खोटं होतं का?"

"मी फक्त परतफेड केली होती, अस्वलकाका."

"म्हणजे खोटं. मग त्यानं तुझं लिहिलेलंही खोटं. मग गाढवानं माझं लिहिलेलं?"

जो तो आपलं पान पंज्यानं, खुरानं, शेपटीनं दाबून धरायला लागला. मोराचं पान सगळ्यात मोठं, त्याला ते झाकायला अख्खा पिसारा लागला.

तुरेरावानं घसा खाकरला. "मला वाटतं, आपण मुळाशी जाऊ. अंडी चांगली होती. झिपरूभाऊ चांगले आहेत, पानावर तसं लिहिलेलंच आहे. मग बिघडलं कशानं? आधी अभद्र कोण बोललं?"

सगळ्यांच्या माना माळाकडं वळल्या.

"ती ओरडली होती खरी," गाढव म्हणालं.

"मी ऐकलंय," सरडा म्हणाला आणि त्याच क्षणी त्याचा रंग बदलला.

अस्वलानं कोंडाबाईकडं पाहिलं. "बाई, तू सांग. तिचं ओरडणं बाधलं का?"

कोंडाबाईनं घरट्याकडं पाहिलं. मग वेलीकडं पाहिलं. तिथं तिचं पान हलत होतं, 'दूरदृष्टीचं नेतृत्व' लिहिलेलं, नवे देठ बांधलेलं. पिल्लं तर गेली होती. आता पानही गेलं तर तिच्याकडं काय उरत होतं?

"हो," ती खाली मान घालून म्हणाली. "तिचीच दृष्ट लागली."

टिटवीला झाडांवर बसायची बंदी झाली. आजही ती तुम्हाला माळावर, जमिनीवरच दिसेल. झिपरूच्या पानावर त्या दिवशी एक नवं कौतुक आलं, 'आरोप होऊनही संयम सोडला नाही.' त्यानं लगोलग अस्वलाचं लिहिलं, 'निःपक्षपाती'.

तात्पर्य: पोरांनो, अंडी खाणाऱ्याला कधी दोष देऊ नये, त्याच्या ओळखी फार असतात. ज्याची कुठं ओळख नाही त्याला धरावं, कुणाचंच पान फाटत नाही. तेव्हा उद्या शाळेत बाईंनी विचारलं, की कोंडाबाईची पिल्लं कोणी मारली, तर घाबरायचं नाही, ताठ उभं राहायचं आणि सगळ्यांच्या बरोबरीनं मोठ्यानं उत्तर द्यायचं: शेवंता टिटवी.