वेणूताई अस्वल पूल बघायला जातात

एका जंगलात, मुलांनो, अस्वलाचं एक जोडपं राहत होतं. ढकलाढकली करू नका. मागच्यांनाही ऐकू जाईल इतका आवाज आहे अजून मला.

नवऱ्याचं नाव मार्तंडराव. जंगलाच्या मधखात्यात ते मोठे साहेब होते. म्हणजे मध माशा करायच्या, पोळी मजूर उतरवायचे आणि मार्तंडराव बोटं चाटायचे. असं आयुष्यभर चाटलं की अस्वल निवृत्त होतं, आणि मग सगळे त्याला अनुभवी म्हणतात.

बायकोचं नाव वेणूताई. त्यांना एक पूल बघायचा होता.

झालं असं, की त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी सहलीला आलेल्या माणसांनी ओढ्याकाठी बिस्किटांचा रिकामा डबा टाकला होता. माणसं तशीच असतात, त्यांचं सोडा. त्या डब्याच्या झाकणावर चित्र होतं. प्राग नावाच्या शहरातला जुना दगडी पूल, दोन्ही कठड्यांवर पुतळे, खाली संथ नदी आणि नदीवर संध्याकाळचं ऊन. झाकण पुढे गंजून गेलं. पूल मात्र वेणूताईंच्या मनातून गेला नाही. पिल्लं झाली, पिल्लांची लग्नं झाली, सासूबाईंचं पथ्यपाणी झालं. पूल आपला तिथेच.

मार्तंडराव निवृत्त झाले त्या दिवशी मोठ्या खुशीत होते. म्हणाले, "वेणू, जन्मभर माझ्यासाठी खपलीस. बोल, काय पाहिजे?"

"अहो, प्रागला जाऊ या. तीनच दिवस. बाकी काही दाखवलं नाहीत तरी चालेल. एका संध्याकाळी त्या पुलावर मला नुसतं उभं राहायचंय. नदी बघत."

"एवढंच? दिला शब्द!"

मधाचं बोट लावणं म्हणतात ते हेच. पण वेणूताई पडल्या अस्वलीण. त्या भुलल्या. त्या रात्री त्या झोपेतसुद्धा हसत होत्या.

आता मला सांगा, तीन दिवसांचा बेत आखायला कितीसा वेळ लागतो? कुठे उतरायचं, काय खायचं, काय बघायचं. एका दुपारचं काम. पण त्या जंगलाची एक रीत होती. कोणी परदेशी निघालं की त्याचा सत्कार करायचा. आल्यावर नाही बरं का, जायच्या आधी! कसला म्हणाल तर तिकीट काढल्याचा.

पहिला मान वानर मंडळाने घेतला. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब वानर स्वतः आले. मार्तंडरावांना शाल दिली, श्रीफळ दिलं, गळ्यात हार घातला. आणि जाता जाता हातात एक गुंडाळी ठेवली. उलगडली तर हा एवढा लांब कापडी फलक. 'वानर मित्र मंडळ, सातासमुद्रापार!' मध्ये बापूसाहेबांचा हात जोडलेला फोटो. खाली लहान अक्षरांत 'सौजन्य: मार्तंडराव'.

"काही विशेष नाही," बापूसाहेब लाजत म्हणाले. माकड लाजलं की समजावं, काहीतरी महागात पडणार. "तिथे हा धरून एक फोटो काढा. पुलावरच काढा. सगळं जग म्हणे तिथे येतं."

मार्तंडराव म्हणाले, "अवश्य!" अंगावर शाल असताना नाही कसं म्हणणार?

ही बातमी जंगलात पसरली आणि मग काय विचारता! रानडुकरांचा ज्येष्ठ संघ आला. घुबडांचं वाचनालय आलं. सशांचा क्रीडा विभाग आला. साळिंदरांचा योगवर्ग आला. प्रत्येकाची शाल, प्रत्येकाचा नारळ आणि प्रत्येकाचा फलक. एक ना धड, भाराभर चिंध्या! मार्तंडराव नाही म्हणायचे नाहीत. त्यांना वाटायचं, आपण लोकप्रिय आहोत.

बेत ठरवायला मार्तंडरावांच्या अंगणात बैठक बसली. सहली काढणारे तरसभाऊ नकाशा घेऊन आले. हा तरस कशालाही हसायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपलं मन जिंकलं.

तरसभाऊ म्हणाले, "पहिला दिवस, किल्ला. तिथे डुकरांचा संघ लावू."

रानडुक्कर उसळलं. "का? माकडांना पूल आणि आम्हाला किल्ला? आम्ही काय घोडं मारलंय?"

"मग जुन्या चौकातलं घड्याळ घ्या."

"घड्याळ आमचं!" घुबड म्हणालं. "वाचनालयाला वेळेचं महत्त्व असतं." हे वाचनालय उघडं असलेलं कोणी पाहिलं नव्हतं, ते जाऊ द्या.

"घड्याळाला आमची हरकत नाही," ससा म्हणाला. "पण पूल आम्हालाही पाहिजे."

"पूल आम्हालाही!" साळिंदर म्हणालं आणि काटे फुलवून बसलं.

तुम्ही म्हणाल, यांतल्या कोणी तो पूल पाहिला होता का? छे! पुलाचं नावसुद्धा त्यांनी बापूसाहेबांकडून ऐकलेलं. पण शेजाऱ्याच्या पानात जिलबी पडली की आपल्याला हवीच.

वेणूताई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "त्यातली एक संध्याकाळ माझी आहे बरं का. पुलावरची."

"म्हणजे काय वहिनी!" बापूसाहेब दोन्ही हात छातीवर ठेवून म्हणाले. "संध्याकाळ तुमचीच! फलक तेवढे आमचे."

सगळे हसले. तरस सगळ्यात जास्त हसला. आणि ठरलं, की घड्याळ घुबडांचं, बाकी सगळे फलक पुलावरच लावायचे, शेवटच्या संध्याकाळी. तेव्हा उजेड चांगला असतो.

 वेणूताई बशा विसळायला ओढ्यावर गेल्या. तिथे पांढरा करकोचा उभा होता. तो दर थंडीत युरोपातून यायचा. त्याला तिथल्या नद्या माहीत होत्या, वारे माहीत होते. वेणूताई परत येऊन म्हणाल्या, "अहो, त्या करकोच्याला विचारू या का? तो तिकडचाच आहे."

"तिकडचाच आहे ना?" तरसभाऊ म्हणाले. "मग त्याला पर्यटनातलं काय कळणार?"

आणि बैठकीने माना डोलावल्या.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरली. फलकांनीच ती ठासून भरली. वेणूताईंचा लोकरीचा कोट बाहेर राहिला. मार्तंडराव म्हणाले, "अस्वलाला कोट कशाला? अंगभर केस आहेत की!" कोट कपाटात गेला. पुलासाठी कोट गेला तर गेला, असं वेणूताईंनी मनाला समजावलं. बाईने मनाला समजावलं की नवऱ्याला वाटतं, तिला पटलं.

दोघं प्रागला पोचली. बरोबर तरसभाऊ, फोटो काढायला. किल्ला धावत झाला. घड्याळासमोर घुबडांचा फलक झाला, तेवढ्यात तासातासाला बाहेर येणाऱ्या घड्याळातल्या बाहुल्या फिरून गेल्या.  वेणूताई तिसऱ्या संध्याकाळची वाट बघत होत्या.

आणि ती संध्याकाळ आली. वेणूताईंनी पुलावर पाय ठेवला. दगड खरे होते. पुतळे खरे होते. कोणीतरी कोपऱ्यात व्हायोलिन वाजवत होतं. त्या कठड्याकडे वळणार, तोच मार्तंडरावांनी त्यांच्या हातात फलकाचं टोक दिलं.

"हे धर. घट्ट धर. वानरांचा पहिला."

तरसभाऊ समोर उभे राहिले. वेणूताई एका टोकाला, मार्तंडराव दुसऱ्या टोकाला, मध्ये बापूसाहेब हात जोडून. नदी पाठीमागे.

"अहो, एकदा बघू द्या ना."

"हलू नकोस! फलक वाकडा होतोय. वानर काय म्हणतील?"

"एकदा डोळे भरून बघते आणि लगेच वळते."

"अगं बघशील! नदी काय पळून जातेय?"

नदी तेवढंच करत असते, मुलांनो. पण मधखात्यात हे शिकवत नाहीत.

वानरांचा झाला. डुकरांचा झाला. डुकरांच्या फलकावर ऊन आलं नाही म्हणून पुन्हा झाला. सशांचा वाऱ्याने उडाला, तो धावून आणला. वेणूताईंचे हात भरून आले. थंडी वाजत होती. मागे पाण्याचा आवाज येत होता. समोरून माणसं येत होती, वेणूताईंच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि बघता बघता त्यांचे चेहरे मऊ होत होते. त्या चेहऱ्यांवरून वेणूताईंना कळत होतं, की आपल्या मागे काहीतरी फार सुंदर चाललं आहे.

साळिंदरांचा फलक गुंडाळला तेव्हा अंधार झाला होता. तरसभाऊंनी शिट्टी मारली. "चला, चला! बस थांबणार नाही!" मार्तंडरावांनी वेणूताईंचं मनगट धरलं आणि भराभर चालू लागले.

बसमध्ये वेणूताई ढसाढसा रडल्या. मार्तंडराव म्हणाले, "दमलीस. तरी मी म्हणत होतो, या वयात झेपेल का."

जंगलात परतल्यावर मोठा समारंभ झाला. सगळी मंडळं हजर. फोटो मोठे करून झाडाझाडांवर टांगले होते. मार्तंडरावांचं भाषण झालं. त्यात युरोप कसा स्वच्छ आहे, हे त्यांनी पान खाऊन, थुंकत थुंकत सांगितलं.

मग बापूसाहेब म्हणाले, "आता वहिनींनी दोन शब्द बोलावेत. वहिनी, सांगा, पूल कसा होता?"

वेणूताई उठल्या. इतकी वर्षं त्या कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. आज त्यांच्या अंगाची लाही होत होती. आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"पूल कसा होता, मला माहीत नाही. नदी कशी होती, तेही माहीत नाही. ती सगळी माझ्या पाठीमागे होती. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तुम्ही होतात. आडवे. एकामागून एक!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. वेणूताईंना वाटलं, चला, एकदाचं कळलं.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! घुबडाने डोळे पुसले. डुकराला हुंदका आवरेना. बापूसाहेब गहिवरून म्हणाले, "ऐकलंत? एवढ्या लांब परदेशात, एवढ्या मोठ्या पुलावर, पण माउलीच्या डोळ्यांसमोर कोण? आपण! याला म्हणतात मातीची ओढ!"

वेणूताई मटकन खाली बसल्या. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

"पुढच्या वर्षी कुठे जाणार, मार्तंडराव?" ससा ओरडला.

"ते अजून ठरायचंय," मार्तंडराव म्हणाले. "पण फलक आजच देऊन ठेवा."

तात्पर्य: प्रवासाने दृष्टी विशाल होते, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. ऐका आणि गप्प बसा. जग बघायची खरंच इच्छा असेल तर ती मनातच ठेवा, नवऱ्यालासुद्धा सांगू नका, आणि कोणाचाही नारळ न घेता गुपचूप निघून जा. तुमचा सत्कार होणार नाही. तुम्हाला फक्त नदी दिसेल.